रक्त उतरते कोणत्या वाटेने?

मेंदूच्या रक्तवाहिन्यांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी एकत्र घेतली आहेत. यातला मुख्य आजार, म्हणजे ड्युरल एव्ही फिस्टुला (मेंदूच्या आवरणात रोहिणी आणि नीला यांची थेट जोडणी होणे), दुर्मीळ आहे. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकाहूनही कमी व्यक्तींमध्ये त्याचे नव्याने निदान होते. परंतु ही पत्रे वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, ती अशी की रुग्ण महिनोन्‌महिने कानाचे, डोळ्याचे किंवा वयोमानाचे म्हणून उपचार घेत राहिला आणि मूळ दुखणे कवटीच्या आत होते. पत्रलेखकांची नावे व गावे गाळून फक्त जिल्हा दिला आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ५६ वर्षे आहे. गेल्या काही महिन्यांपासून तिच्या डाव्या कानात नाडीच्या ठेक्यावर ‘हुश्श-हुश्श’ असा आवाज येतो. रात्री घर शांत झाले की तो वाढतो आणि तिला झोप लागत नाही. कानाच्या डॉक्टरांनी ऐकण्याची चाचणी केली, ती चांगली आली. डोक्याचा सीटी स्कॅनही नॉर्मल आला. मनावर ताण आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या गेल्या. आता एमआरआयच्या अहवालात ‘ड्युरल एव्ही फिस्टुलाची शक्यता, डीएसए करावे’ असे लिहिले आहे. ही गाठ आहे का? असेल, तर सीटीमध्ये का दिसली नाही?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : ही गाठ नाही आणि कर्करोगाशी तिचा काहीही संबंध नाही, ही गोष्ट आईंना आजच सांगावी. हृदयाकडून जोराने येणारे रक्त रोहिण्यांतून सूक्ष्म केशवाहिन्यांत शिरते, तिथे त्याचा दाब उतरतो आणि मग ते पातळ भिंतींच्या नीलांमधून शांतपणे हृदयाकडे परत जाते. मेंदूला वेढणाऱ्या जाड आवरणात, म्हणजे ड्युरामध्ये, काही कारणाने रोहिणी आणि नीला यांची थेट जोडणी तयार झाली, की मधला केशवाहिन्यांचा टप्पा वगळला जातो. जायकवाडीच्या मुख्य कालव्याचे पाणी टप्प्याटप्प्याने न सोडता एकदम शेतातल्या चारीत सोडले, तर चारीचे काठ टिकणार नाहीत. नीलांची अवस्था तशीच होते. या जोडणीला ड्युरल आर्टिरिओव्हिनस फिस्टुला म्हणतात. कवटीच्या आतील रक्तवाहिन्यांच्या रचनेतील सर्व दोषांत यांचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के आहे. बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीतले असतात, कारण हा दोष सहसा जन्मजात नसून पुढे आयुष्यात निर्माण होतो. आवरणातील मोठ्या नीलामार्गात रक्ताची गुठळी होणे, डोक्याला मार लागणे, कवटीची शस्त्रक्रिया ही माहीत असलेली कारणे आहेत, तर पुष्कळ रुग्णांत कोणतेच कारण हाती लागत नाही. आईंना झाला म्हणून तो तुम्हा भावंडांना होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

आवाज कानातच का येतो, याचे उत्तर शरीररचनेत आहे. मेंदूतून परत जाणाऱ्या रक्ताचा एक मोठा मार्ग कानाच्या अगदी मागून, हाडाला लागून खाली उतरतो आणि हे फिस्टुला पुष्कळदा तिथेच होतात. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला उसळणारे रक्त रुग्णाला ऐकू येते. हा भास नसतो, कारण अनेकदा तो डॉक्टरांनाही ऐकता येतो. त्यासाठी खोली शांत हवी. रुग्णाला क्षणभर श्वास रोखायला सांगून स्टेथोस्कोप कानामागच्या उंचवट्यावर, मग मानेच्या मागच्या बाजूला आणि मिटलेल्या पापणीवर हलकेच ठेवायचा, दुसऱ्या हाताची बोटे मनगटाच्या नाडीवर ठेवायची आणि आवाज नाडीबरोबर येतो का ते पाहायचे. कानामागून डोक्याच्या कातडीकडे जाणारी रोहिणी बोटाने दाबल्यावर आवाज मंदावला, तर संशय आणखी बळावतो. दोन मिनिटांच्या या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. ती होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण नाडीच्या ठेक्यावर येणारा आवाज आणि कानात सतत होणारी घुंई-घुंई या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि पहिलीला ‘टेन्शन’ म्हणून मोकळे होणे योग्य नाही. नाडीबरोबर येणाऱ्या आवाजाची साधी कारणेही असतात. तीव्र रक्तक्षय, थायरॉइडचा अतिरेक, मानेतील रोहिणी अरुंद होणे, कवटीतील दाब वाढणे किंवा कानाच्या मध्यभागातील रक्तवाहिन्यांची छोटी गाठ यांचाही विचार करावा लागतो. हिमोग्लोबिनची तपासणी तर सर्वांत आधी.

सीटीविषयीचा प्रश्न योग्य आहे. साधा सीटी स्कॅन ताजा रक्तस्राव चटकन दाखवतो, पण औषध टोचल्याशिवाय केलेल्या सीटीत रक्तवाहिन्यांची वाट दिसत नाही. एमआरआयमध्ये वेगाने वाहणाऱ्या रक्ताचे काळे ठिपके, फुगलेल्या नीला किंवा मेंदूला आलेली सूज दिसू शकते, तरीही लहान फिस्टुला त्यातूनही निसटतो. म्हणून आवाज खरोखर नाडीबरोबर येत असेल आणि एमआरआय चांगला असेल, तरी तपास तिथेच थांबवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. फिस्टुला किती मोठा आहे, यापेक्षा त्यातले रक्त कोणत्या वाटेने उतरते, यावर धोका ठरतो. ते मोठ्या नीलामार्गातून सरळ दिशेने हृदयाकडे जात असेल, तर आवाजाचा त्रास कितीही असला तरी मेंदूला धोका थोडा असतो. मात्र तेच रक्त उलटे फिरून मेंदूच्या पृष्ठभागावरील नाजूक नीलांमध्ये शिरत असेल, तर रक्तस्राव, फिट, लकवा यांचा धोका पुष्कळ वाढतो. हे डीएसएशिवाय, म्हणजे रोहिणीत बारीक नळी घालून, रंगद्रव्य सोडून रक्तवाहिन्यांची चित्रे घेण्याच्या तपासणीशिवाय, खात्रीने कळत नाही, म्हणून ती टाळू नका. आणखी एक सूचना : आवाज एखाद्या दिवशी आपोआप थांबला, तर आनंद मानून तपासणी रद्द करू नका. काही वेळा फिस्टुला खरोखर बंद झालेला असतो, पण काही वेळा सरळ वाट बंद पडून रक्ताने धोक्याची वाट धरलेली असते, आणि बाहेरून दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय २९) ऊसतोडीहून परतताना मोटारसायकलवरून पडला. डोक्याला टाके पडले, दोन दिवसांत सुट्टी मिळाली. तीन आठवड्यांनी त्याचा उजवा डोळा लालबुंद होऊन बाहेर आल्यासारखा दिसू लागला आणि आता एकाचे दोन दिसतात. डोळे आले असे समजून औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालत आहोत. उतार नाही.
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : हे पत्र हाती पडताच त्याला दवाखान्यात दाखवा, पुढील अंकाची वाट पाहू नये, म्हणून संपादकांमार्फत तुम्हाला आधीच कळवले आहे. डोक्याला मार लागल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी डोळा लाल होणे, पुढे येणे आणि त्यात ठोके जाणवणे, ही कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुलाची ठळक लक्षणे आहेत. मेंदूकडे जाणारी मानेतील मुख्य रोहिणी डोळ्यामागच्या एका नीलामार्गाच्या मधून जाते. कवटीच्या तळाचे हाड मोडताना ती तिथे फाटली, तर तिच्यातले सगळ्या जोराचे रक्त त्या मार्गात घुसते, तिथून उलटे डोळ्याच्या नीलांमध्ये येते आणि डोळा आतून तुंबतो.

डोळे येणे आणि हे दुखणे यांतला फरक घरच्या माणसालाही ओळखता येतो. डोळे आले की चिकट घाण येते, खाज सुटते, बहुधा दोन्ही डोळे धरतात आणि आठवड्याभरात उतार पडतो. इथे घाण नसते. बुबुळाच्या कडेपर्यंत आलेल्या, नागमोडी वळणाच्या फुगलेल्या लाल वाहिन्या दिसतात, पापणी जड होते, डोळा एका बाजूला फिरत नाही, आणि रुग्णाला विचारले तर तो डोक्यात भाता चालल्यासारखा आवाज येत असल्याचे सांगतो. दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर आधीच वाढलेला डोळ्याचा दाब आणखी वाढतो, म्हणून ते थेंब लगेच बंद करावेत. दाब दीर्घकाळ वाढलेला राहिला, तर नजर कायमची जाते आणि नंतर फिस्टुला बंद केला तरी ती परत येत नाही.

उपचार शक्य आहे आणि पुष्कळदा एकाच बैठकीत होतो. मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेंको यांनी रोहिणीतून बारीक नळी नेऊन तिच्या टोकाशी बसवलेला छोटा फुगा फाटलेल्या जागी सोडण्याची पद्धत विकसित केली. त्यांचे काम १९७४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले आणि कवटी न उघडता हा आजार बरा करता येतो, हे जगाने मान्य केले. आज बहुतेक ठिकाणी फुग्याऐवजी प्लॅटिनमच्या कॉइल (बारीक तारेची वेटोळी) आणि द्रवरूप औषध वापरतात.

पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांना कसलाही मार न लागता याच जागी संथ प्रवाहाचा फिस्टुला होतो. त्यातले काही आपोआप बंद होतात. अशा निवडक रुग्णांना डॉक्टर मानेतील रोहिणी दिवसातून काही वेळा हाताने दाबायला शिकवतात, तेही विरुद्ध बाजूच्या हाताने, म्हणजे मेंदूला रक्त कमी पडून हात लुळा पडू लागला तर दाब आपसूक सुटतो. हे ऐकून घरी कोणी प्रयोग करू नये. मानेच्या रोहिणीत चरबीचा थर असेल, तर त्यातून लकवा होऊ शकतो.

प्रश्न : माझे वडील (वय ६७) निवृत्त मुख्याध्यापक आहेत. गेल्या दिवाळीपर्यंत गावातल्या पतसंस्थेचे हिशेब पाहत होते. संक्रांतीनंतर नावे विसरू लागले, चाल मंदावली, दिवसभर झोपून राहतात, आणि मागील महिन्यात एकदा फिट आली. नातेवाईक म्हणतात म्हातारपण आहे, कोणी बाहेरचे पाहायला सांगतात. वयामुळे इतक्या लवकर असे होते का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : नाही, होत नाही, आणि तुमच्या मनात आलेली शंका योग्य आहे. वयाचा विसरभोळेपणा किंवा अल्झायमर वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. हिशेब सांभाळणारा माणूस तीन-चार महिन्यांत नावे विसरू लागला, तर त्यामागे बरे होण्याजोगे कारण नाही ना, हे शोधणे घरच्यांचे आणि डॉक्टरांचे कर्तव्य आहे. सर्वांत आधी नेहमीची कारणे पाहावीत : पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, सोडियम घटणे, मेंदूतील पाणी वाढणे, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्यांचा अतिरेक, आणि डोक्यातील जंतुसंसर्ग. ही कारणे फिस्टुलापेक्षा किती तरी अधिक आढळतात.

ती नसतील, तर मात्र फिस्टुलाचा विचार अवश्य व्हावा. उलट्या दिशेने शिरलेल्या रक्तामुळे मेंदूच्या नीला तुंबून राहतात, मेंदूतले रक्त बाहेर पडायला जागा उरत नाही आणि मोठा भाग रक्तस्राव न होताच सुजून मंद पडतो. मग स्मृती जाते, चालताना पाय घासटतात, कंपवातासारखे ताठरपण येते, फिट येते. एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात दोन्हीकडे सूज दिसते आणि ती लकव्याची, ट्यूमरची किंवा वयाची म्हणून चुकीची वाचली जाऊ शकते. त्या सुजेच्या आसपास नागमोडी काळ्या रेघा दिसत आहेत का, हे रेडिओलॉजिस्टना मुद्दाम विचारावे. तपासणीच्या चिठ्ठीवर केवळ ‘विसरभोळेपणा’ असे न लिहिता ‘चार महिन्यांत झपाट्याने वाढलेला विसरभोळेपणा आणि फिट’ असे लिहून घ्या, कारण चिठ्ठीवर काय लिहिले आहे त्यावर स्कॅन कोणत्या नजरेने वाचला जाईल, हे बरेचसे ठरते.

स्मृतिभ्रंशाच्या आजारांत पूर्णपणे सुधारता येण्याजोगी कारणे थोडीच असतात आणि हे त्यांतले एक आहे. फिस्टुला बंद झाल्यावर काही आठवड्यांत माणूस पुन्हा बोलता-चालता झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. पण मेंदू फार काळ तुंबलेला राहिला, तर सुधारणा अपुरी राहते, म्हणून हे दुखणे अंगावर काढू नका. बाहेरचे पाहण्यात गेलेला प्रत्येक आठवडा वडिलांच्या हिशोबी मेंदूतून वजा होतो, हे नातेवाईकांना स्पष्ट सांगा.

प्रश्न : मला डीएसए करायला सांगितले आहे. मांडीतून मेंदूपर्यंत तार घालतात आणि त्याने माणूस लुळा होतो, असे शेजारच्यांनी सांगितल्यापासून मी धसका घेतला आहे. एमआरआय अँजिओग्राफीवर भागणार नाही का?
— एक वाचिका, हिंगोली जिल्हा

उत्तर : संशय येण्यापुरती एमआर अँजिओग्राफी पुरते; उपचार ठरवायला ती पुरत नाही. डीएसएचे मूळ रूप असलेली मेंदूची अँजिओग्राफी पोर्तुगालच्या एगाश मोनिश यांनी १९२७ मध्ये लिस्बन येथे प्रथम केली, तेव्हा औषध थेट मानेच्या रोहिणीत टोचावे लागे. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि नळी यांची सुरक्षित पद्धत दिली आणि आज जगभर तीच वापरली जाते. जांघेत किंवा मनगटात भुलीचे इंजेक्शन देऊन बारीक नळी रोहिणीत घालतात. ती मानेतल्या रोहिण्यांपर्यंतच नेली जाते. रंगद्रव्य सोडताना चेहऱ्यावर किंवा डोळ्यामागे क्षणभर उष्णता जाणवते आणि त्या वेळी डोके हलवायचे नसते.

पडद्यावर काय दिसते, ते सांगतो, म्हणजे या तपासणीला पर्याय का नाही हे लक्षात येईल. निरोगी मेंदूत रंगद्रव्य आधी रोहिण्यांत दिसते, नंतर मेंदूवर धुरकट छटा पसरते आणि चार-पाच सेकंदांनी नीला उमटतात. फिस्टुला असेल, तर रोहिण्या दिसत असतानाच एखादी नीला भरून येते, आणि ती पुढे हृदयाकडे जाते की मागे मेंदूकडे, हे सेकंदाच्या अंशाअंशाने नोंदले जाते. एमआरआय हा वेळेचा क्रम इतक्या बारकाईने दाखवू शकत नाही. मेंदूच्या चारही मुख्य रोहिण्यांबरोबर चेहऱ्याकडे आणि कातडीकडे जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बाह्य कॅरोटिड रोहिण्याही तपासाव्या लागतात, कारण फिस्टुलाला रक्त बहुतेकदा त्यांच्याकडूनच मिळते. त्या वगळल्या, तर तपासणी नॉर्मल येऊन फिस्टुला तसाच राहतो. म्हणून ‘सहाही वाहिन्यांची तपासणी होणार ना?’ असे आधीच विचारून घ्यावे.

लुळेपणाची भीती निराधार नाही, पण ती अवाजवी आहे. अनुभवी हातांत कायमचा लकवा येण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी असते. ज्यांच्या रोहिण्या वयाने किंवा मधुमेहाने कडक झालेल्या असतात, त्यांच्यात ते थोडे अधिक. तपासणीपूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्यावे, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगावे, पूर्वी इंजेक्शनची ॲलर्जी झाली असेल तर तेही लपवू नये. जांघेतून तपासणी झाली असेल, तर नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. आणि घरी येताना केवळ कागदी अहवाल न घेता सर्व चित्रांची सीडी अवश्य मागून घ्या. हिंगोलीहून नांदेड, तिथून हैदराबाद किंवा मुंबई असा प्रवास करणाऱ्या रुग्णांची सीडी हाताशी नसल्यामुळे तीच तपासणी पुन्हा करावी लागते, पैसा जातो आणि शरीरालाही दुसऱ्यांदा रंगद्रव्य सोसावे लागते.

प्रश्न : मला एकदा फिट आली होती. डीएसएमध्ये फिस्टुला नक्की झाला आहे आणि ‘कॉर्टिकल व्हेनस रिफ्लक्स’ आहे असे लिहिले आहे. एका डॉक्टरांनी लगेच उपचार करा म्हटले, दुसऱ्यांनी थांबून पाहू म्हटले. गोंद घालणे, ऑपरेशन, गॅमा नाइफ यांतले काय करावे? कोरडवाहू शेती आहे. खर्च कसा पेलावा?
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : तुमच्या अहवालातील जे शब्द तुम्ही उतरवून पाठवलेत, तेच निर्णायक आहेत; त्यांचा अर्थ, रक्त उलटे फिरून मेंदूच्या पृष्ठभागावरील नीलांमध्ये शिरत आहे. १९९५ मध्ये फ्रान्सचे कोन्यार आणि अमेरिकेचे बोर्डन यांनी या फिस्टुलांचे स्वतंत्रपणे वर्गीकरण केले आणि दोघांनीही रक्त उतरण्याच्या वाटेलाच कसोटी मानले. ज्यांच्यात रक्त उलटे फिरून मेंदूच्या नीलांत शिरत नाही, अशा रुग्णांचा पाठपुरावा केल्यावर शंभरातल्या सुमारे दोघांतच पुढे धोक्याची वाट तयार झाल्याचे दिसले. अशांनी नियमित तपासणी करत थांबणे रास्त आहे. याउलट टोरांटो येथील डॉक्टरांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असा उलटा प्रवाह कायम राहिलेल्या रुग्णांत दरवर्षी सुमारे ८ टक्क्यांना रक्तस्राव आणि सुमारे १० टक्क्यांना मृत्यू आला. पुढील अभ्यासांनी यात एक भेद दाखवला : ज्यांना रक्तस्राव, फिट किंवा मेंदूची इतर लक्षणे आधी झाली आहेत, त्यांचा धोका मोठा; ज्यांच्यात उलटा प्रवाह केवळ योगायोगाने सापडला, त्यांचा वर्षाला साधारण दीड टक्का. दोन डॉक्टरांचे मत वेगळे पडण्याचे कारण बहुधा हेच असावे. माझे मत विचाराल, तर तुमच्या पत्रात एकदा फिट आल्याचा उल्लेख आहे, म्हणून तुम्ही थांबू नये.

उपचाराचा पहिला पर्याय आज बहुतेकांसाठी नळीद्वारे फिस्टुला बंद करणे हाच आहे. तुम्ही ज्याला गोंद म्हणता, तो एक तर रक्ताला लागताच गोठणारा खरा गोंद असतो, किंवा ऑनिक्ससारखा, हळूहळू घट्ट होत जाणारा द्रव असतो. आवरणाकडे जाणाऱ्या रोहिणीतून केसासारखी बारीक नळी जोडणीच्या शक्य तितकी जवळ नेऊन तो द्रव थेंबाथेंबाने पुढे ढकलतात. तो नीलेच्या सुरुवातीच्या भागापर्यंत पोहोचला, तरच फिस्टुला कायमचा बंद होतो. केवळ रोहिण्या बुजवल्या, तर काही महिन्यांत शेजारच्या रोहिण्या तिथे नव्याने वाढतात आणि दुखणे परत येते. काही ठिकाणी नीलेच्या बाजूने जाऊन कॉइल भरतात. ऑनिक्स ज्या द्रावणात असतो, त्यामुळे एक-दोन दिवस रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. घरच्यांनी त्याने घाबरू नये.

कपाळामागे, नाकाच्या मुळाशी असलेल्या फिस्टुलांना डोळ्याच्या रोहिणीतून रक्त मिळते आणि तिथे द्रव सोडताना नजर जाण्याची जोखीम असते, म्हणून त्या जागी पुष्कळदा उघडी शस्त्रक्रिया अधिक बरी ठरते. न्यूरोसर्जन धोक्याची नीला जिथे आवरणातून बाहेर पडते तिथे क्लिप लावतात आणि ती कापतात. एवढ्याने काम भागते. गॅमा नाइफच्या किरणांचा परिणाम व्हायला साधारण एक ते तीन वर्षे लागतात. ज्याला फिट आली आहे आणि ज्याचे रक्त उलटे जात आहे, त्याने तेवढा काळ वाट पाहणे योग्य नाही. कोणताही उपचार झाला, तरी तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा डीएसए करून फिस्टुला पूर्ण बंद झाल्याची खात्री करावी लागते. हा खर्च आधीच धरून ठेवा, कारण बरे वाटू लागले की पुष्कळ रुग्ण इथेच हयगय करतात.

उपचार कुठे घ्यावा, हे ठरवताना कॅथ लॅब (नळीद्वारे तपासणी व उपचार करण्याची खोली) आहे का, एवढेच विचारू नका. हृदयाच्या अँजिओप्लास्टीची सोय मराठवाड्यात आता बरीच झाली आहे, पण मेंदूच्या वाहिन्यांमध्ये नेहमी काम करणारा तज्ज्ञ ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही संभाजीनगर, सोलापूर किंवा पुण्यात विचारणा करालच; गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी मुंबईचे केईएम, बंगळुरूचे निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही प्रक्रिया त्या रुग्णालयात मंजूर होते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारा, आणि राज्याबाहेर जाणार असाल तर कोणती योजना तिथे चालते याची खातरजमा करूनच निघा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज उपचार सुरू असतानाच करावा लागतो.

प्रश्न : माझ्या मुलाला (वय २४) फिट आल्यावर ‘एव्हीएम’ सापडला. हाच आजार का?
— एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : जवळचा, पण वेगळा. एव्हीएममध्ये रोहिण्या आणि नीला यांचा गुंता मेंदूच्या आत असतो आणि तो तरुणपणीच लक्षणे दाखवतो. न फुटलेल्या एव्हीएमचा रक्तस्रावाचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के मानला जातो. १९८६ पासून वापरात असलेल्या स्पेट्झलर-मार्टिन श्रेणीत त्याचा आकार, मेंदूतली जागा आणि रक्त खोल नीलांमध्ये उतरते का, या तीन गोष्टी पाहतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अरुबा’ अभ्यासात, न फुटलेल्या एव्हीएममध्ये पहिल्या काही वर्षांत हस्तक्षेपापेक्षा केवळ औषधोपचार सुरक्षित ठरला. त्याचा कालावधी अपुरा होता, ही टीका मला पटते, कारण चोविशीतल्या माणसाचे उरलेले आयुष्य मोठे असते. फिटची गोळी चुकवू नये, आणि न्यूरोसर्जन व नळीद्वारे उपचार करणारा तज्ज्ञ या दोघांचे मत घेऊनच निर्णय करावा.

प्रश्न : बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी माझ्या मुलीच्या मेंदूच्या नीलेत गुठळी झाली. आता ती बरी आहे. तिला पुढे फिस्टुला होईल का? बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, असे घरातल्या मोठ्या बायका सांगत होत्या.
— एक वाचिका, जालना जिल्हा

उत्तर : बहुतेकींना होत नाही. काहींना महिन्यांनी किंवा वर्षांनी होतो, म्हणून नाडीबरोबर कानात आवाज, नव्याने डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा फिट यांपैकी काहीही झाले, तर पूर्वीची फाइल घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जावे आणि गुठळी झाली होती हे पहिल्याच वाक्यात सांगावे. रक्त पातळ करण्याची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीआधी बंद करू नका. गर्भनिरोधक गोळ्या तिने घेऊ नयेत. दुसरे साधन निवडावे आणि पुढच्या गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ही माहिती स्त्रीरोगतज्ज्ञांना द्यावी.

पाण्याविषयी घरातल्या मोठ्यांचा हेतू चांगला असला, तरी सल्ला घातक आहे. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त तसेही लवकर गोठणारे असते, अंगावर पाजण्यासाठी शरीरातले पाणी खर्च होते आणि आपल्याकडे मार्चपासूनच उन्हाची तलखी सुरू होते. अशा वेळी तहान मारली, की गुठळीला आयते निमंत्रण मिळते. बाळंतिणीला तहान लागेल तेव्हा आणि लागेल तेवढे पाणी द्यावे, आणि डोके सतत दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा एका बाजूचा हात जड झाला असेल, तर सव्वा महिना पूर्ण होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करावा.